पिवळ्या रंगातली मोठी आई

२०२४ च्या फेब्रुवारीत मित्राच्या ओळखीतून मला एक वरकामाची ऑफर आली. पुण्यात दिवसा कंपनीचं काम आणि रात्री दोन-तीन तास एका प्रचार-अ‍ॅपचं. पक्ष कोणता ते इथे महत्त्वाचं नाही, असले अ‍ॅप आता सगळेच वापरतात. मतदारयादी आत टाकायची, बूथवरच्या कार्यकर्त्याने प्रत्येक नावापुढे रंग लावायचा. हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे समोरच्याचा, पिवळा म्हणजे कुंपणावरचा. वरच्या स्क्रीनवर सगळ्या पिवळ्यांची बेरीज दिसायची आणि तिच्या खाली एक शब्द असायचा: ‘कन्व्हर्जन’. किती पिवळे हिरवे झाले त्याची टक्केवारी.

टेस्टिंग करताना कोणीही करेल तेच मी केलं. आपल्या गावची यादी उघडली. आमचं गाव मूल तालुक्यात आहे, चंद्रपूरपासून साधारण तासाभराच्या अंतरावर. मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, पिवळ्या रंगात होती. मी स्वतः हिरव्या रंगात होतो.

मला कोणीही काहीही विचारलं नव्हतं. मी सहा वर्षांपासून पुण्यात राहतो. ज्याने रंग लावला त्याच्याजवळ माझ्याबद्दल एवढीच माहिती होती: आडनाव, वय, घर नंबर. तेवढ्यावर त्याने माझी जात ओळखली, जातीवरून धर्म, आणि धर्मावरून मत. मोठी आईचं आडनाव तेच, घर नंबरही तोच. मग ती पिवळी का? एप्रिलमध्ये मतदानासाठी गावी गेलो तेव्हा कारण कळलं. ती सगळ्यांच्या सभांना जाते.

“मग सभेत ऐकून ठरवलंस का?” मी विचारलं.

“सभा आयकाले गेली होती बाबू, ठरवाले नाही.”

हा लेख तिच्या या एका वाक्याबद्दल आहे. कारण सभा, अधिवेशनं आणि धर्म यांनी कुंपणावरच्या मतदाराचं मन वळतं, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरं आहे का हे तपासणंच सोडून दिलंय.

सभा नावाचं नाटक

आमच्याकडे सभेची तुलना करायला एक अस्सल घरची गोष्ट आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी. भाऊबीजेच्या आसपास मंडया सुरू होतात आणि पुढचे काही महिने गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे या धंद्याचं मुख्य ठाणं. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथूनच तारखा बुक होतात. २०२३ मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या माझ्या रूममेटने पहिल्यांदा ‘झाडीपट्टी’ हा शब्द गुगल केला.

झाडीपट्टीचा प्रेक्षक शाल पांघरून पहाटेपर्यंत बसतो. त्याला गोष्ट काय आहे ते आधीच माहीत असतं. दारुडा नवरा सुधारणार, लेक परत येणार. तो गोष्ट कळून घ्यायला येत नाही. कोणी कसं काम केलं, कोणाचा आवाज लागला, कोण रडवतं, हे पाहायला येतो. आणि घरी जाताना त्यावर निकाल देतो.

सभा याच प्रेक्षकासमोर होते. आधी लहान वक्ते, मग गाणी, मग ‘साहेब थोड्याच वेळात पोहोचत आहेत’ असं तासभर, मग हेलिकॉप्टरचा आवाज आणि सगळी पोरं कुंपणाकडे. मग स्थानिक देवतांची नावं घेऊन भाषणाची सुरुवात. चंद्रपुरात महाकालीचं नाव, गडचिरोलीत मार्कंडाचं. गर्दीतून टाळ्या येतात. वक्त्याला वाटतं, धागा जुळला. मोठी आईसारखी बाई मनात मार्क देते: नाव बरोबर घेतलं, उच्चार चुकला.

सभेवर आपल्याकडे जी टीका होते ती बहुतेक मजकुराची असते. कोण खोटं बोललं, कोणाचे आकडे चुकले. माझा आक्षेप सभेच्या रचनेलाच आहे. तिच्यात प्रश्न विचारायची जागा नाही. ज्याचं ठरलेलं नाही त्याला सगळ्यात जास्त गरज प्रश्न विचारण्याची असते आणि नेमकी तीच सोय सभेत नसते. म्हणून सभा खरी त्यांच्यासाठी असते ज्यांचं आधीच ठरलंय. त्यांना ती उत्साह देते, घोषणा देते, दुसऱ्या दिवशी पानटपरीवर बोलायला मुद्दे देते. कुंपणावरच्याला ती फक्त दाखवते की किती माणसं कुंपणाच्या कोणत्या बाजूला उभी आहेत.

ओहायोतली एक जुनी गोष्ट

हे माझं डोकं नाही. १९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी अध्यक्षपदाची निवडणूक होती. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत त्याच त्या माणसांना मे ते नोव्हेंबर महिन्या-महिन्याने जाऊन भेटायचं ठरवलं. मधल्या काळात दोन्ही पक्षांची अधिवेशनं झाली, रेडिओवर ती देशभर ऐकली गेली. १९४४ मध्ये ‘द पीपल्स चॉइस’ या नावाने पुस्तक आलं.

त्यांना वाटलं होतं की प्रचार माणसांना इकडून तिकडे फिरवताना दिसेल. तसं फार कमी दिसलं. प्रचाराने बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं. आणि ज्यांच्यावर परिणाम झाला तो बऱ्याचदा रेडिओचा थेट परिणाम नव्हता. रेडिओ ऐकणाऱ्या शेजाऱ्याचा, कामावरच्या सोबत्याचा होता.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. मत कोणाला पडेल याचा अंदाज बांधायला त्यांनी तीन गोष्टी घेतल्या: आर्थिक स्थिती, धर्म (प्रोटेस्टंट की कॅथलिक) आणि शहर की खेडं. म्हणजे आमच्या बूथवाल्याने आडनावावरून जे केलं तेच, फक्त नीट पद्धतीने. मग त्यांच्या लक्षात आलं की उशिरा ठरवणारी माणसं कोण आहेत. ज्यांचा धर्म एकीकडे ओढतो आणि खिसा दुसरीकडे, ती. श्रीमंत कॅथलिक, गरीब प्रोटेस्टंट. दोन बाजूंनी ओढ लागली की माणूस निर्णय पुढे ढकलतो, कधी कधी निवडणुकीतून अंगच काढून घेतो.

हे वाचल्यावर पिवळा रंग मला वेगळा दिसायला लागला. पिवळा म्हणजे रिकामी पाटी नाही. पिवळा म्हणजे जिथे दोन लिहिलेल्या गोष्टी एकमेकींवर आल्यात. अ‍ॅपमध्ये मात्र आम्ही त्याला ‘माहिती नाही’सारखं वागवत होतो.

जेव्हा भजनाने माणसं उठली

कोणी म्हणेल, धर्माचा परिणाम होत नाही असं कसं? चिमूर विसरलास का?

नाही विसरलो. उलट चिमूर हीच या विषयातली सगळ्यात ठळक घटना आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. आठच दिवसांनी, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मुंबईपासून शेकडो मैल लांब असलेल्या चिमूरमध्ये लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, गावकरी मेले, सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. त्यानंतर लष्कराने गावावर, विशेषतः बायकांवर जे अत्याचार केले त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं.

मुंबईचा ठराव आणि चिमूरचा रस्ता यांच्या मधे काय होतं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी. या भागात त्यांची भजनं घरोघरी होती आणि इंग्रज सरकारलाही त्यांची ताकद कळली, म्हणूनच त्यांना अटक झाली. इथे लाझार्सफेल्डचीच साखळी दिसते: अधिवेशन, मग विश्वासाचा माणूस, मग गाव. अधिवेशनाने चिमूरला हलवलं नाही. अधिवेशनाचा अर्थ आपल्या भाषेत, आपल्या चालीत सांगणारा एक माणूस होता, त्याने हलवलं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, चिमूरच्या त्या गर्दीतल्या बहुतेकांना तेव्हा मताचा अधिकारच नव्हता. त्यांनी पणाला लावला तो जीव. दोन, तुकडोजींची भजनं निवडणुकीच्या महिन्यात सुरू झाली नव्हती. वर्षानुवर्षं ती दारू, अस्वच्छता, अस्पृश्यता यांवर बोलत होती. विश्वास आधी कमावलेला होता. आज प्रचाराच्या पंधरा दिवसांत कीर्तनकाराला मंचावर बसवणाऱ्यांना चिमूरचा निकाल हवा असतो, पण त्याआधीची वर्षं नको असतात.

कन्व्हर्जन

दुसरी तारीख १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दोन दिवसांनंतर बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी मेहनत घेतली होती. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आजही दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर लोक येतात. शाळेत असताना वर्गातले अर्धे मित्र त्या दोन दिवसांत गायब असायचे.

याच्या अडीच वर्षं आधी, १९५४ मध्ये, बाबासाहेब शेजारच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले होते. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या पट्ट्याने त्यांना निवडून दिलं नाही, त्याच पट्ट्यातून लोक दोन दिवसांत आयुष्य बदलायला आले. म्हणजे मत आणि धर्म या एकाच नळाच्या दोन तोट्या नाहीत. धर्म मतापेक्षा मोठा निर्णय असतो, आणि म्हणूनच तो मतासाठी सहज वापरता येत नाही.

रचनेचा फरकही पाहा. दीक्षेच्या सोहळ्यात समोर बसलेला माणूस प्रेक्षक नव्हता. त्याने उभं राहून बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. घरी जाऊन काय करायचं, काय सोडायचं हे त्यात एक-एक करून सांगितलेलं होतं. इंग्रजीत धर्मांतराला कन्व्हर्जन म्हणतात. आमच्या डॅशबोर्डवर तोच शब्द होता, आणि त्याचा अर्थ होता: बूथवरच्या पोराने पिवळ्यावर बोट ठेवून हिरवं केलं.

शिर्डीत सगळे का जातात

मग पक्ष धर्माकडे जातात ते कशासाठी? अलीकडची अधिवेशनं पाहा. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं शिबिर शिर्डीत झालं. त्याच महिन्यात उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचं अधिवेशन नाशिकला झालं, आदल्या दिवशी काळाराम मंदिरात दर्शन. जानेवारी २०२५ मध्ये भाजपचं प्रदेश अधिवेशन पुन्हा शिर्डीत.

यात साईबाबांचा आशीर्वाद किती आणि मतदाराला इशारा किती हे ज्याने त्याने ठरवावं. मला इंजिनिअर म्हणून आधी दिसतात ती हॉटेलं, पार्किंग, रेल्वे, विमानतळ आणि हजारो माणसांना जेवू घालायची सवय असलेलं गाव. तीर्थक्षेत्र ही तयार यंत्रणा आहे. काँग्रेसने १९३६ च्या डिसेंबरमध्ये खानदेशातल्या फैजपूरला खेड्यातलं पहिलं अधिवेशन घेतलं, तेव्हा बांबूचं नगरच उभारावं लागलं होतं आणि सजावटीसाठी नंदलाल बोस आले होते. ते अधिवेशन जत्रेसारखं उभारलं होतं. आता उलट आहे, जत्रा आधीच उभी असते, अधिवेशन तिथे येऊन राहतं.

आमच्या जिल्ह्याचा अनुभव तर अजून स्पष्ट आहे. २९ मार्च २०२३ ला, रामनवमीच्या आदल्या दिवशी, अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान पाठवायची शोभायात्रा बल्लारपूर-चंद्रपूरला निघाली. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांचा पुढाकार होता. प्रचंड गर्दी झाली. मोठी आईसुद्धा गेली होती. वर्षभराने, ८ एप्रिल २०२४ ला, पंतप्रधान मोदींची महाराष्ट्रातल्या प्रचाराची पहिली सभा चंद्रपुरातच झाली. उमेदवार मुनगंटीवार.

१९ एप्रिलला मतदान झालं. ४ जूनला निकाल आला तेव्हा काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या होत्या. गडचिरोली-चिमूरमध्येही काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान निवडून आले.

‘बघा, धर्माला लोकांनी नाकारलं,’ असं तेव्हा पुण्या-मुंबईच्या लेखांत लिहून आलं. मग नोव्हेंबर उजाडला. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा भाजपला गेल्या. मुनगंटीवार बल्लारपुरातून जिंकले; आमचं गाव त्याच मतदारसंघात येतं. मग ‘बघा, धर्म परत आला,’ असे लेख आले.

सात महिन्यांत कोणाचा देव बदलला नव्हता. बदललं होतं दुसरंच काही. एप्रिलमध्ये संविधान बदलणार ही भीती वस्त्यावस्त्यांत होती, धानोरकरांचे पती आणि आधीचे खासदार बाळू धानोरकर वर्षभरापूर्वीच गेले होते, जातीची गणितं होती. नोव्हेंबरपर्यंत लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात आले होते. यातल्या कशाने किती मतं हलली ते मी सांगू शकत नाही. पण मंदिराच्या लाकडाने एप्रिलची हार थांबली नाही आणि त्या हारेने नोव्हेंबर ठरला नाही, एवढं नक्की.

शोभायात्रेचं मी मोठी आईला विचारलं. ती म्हणाली, “लाकूड आपल्या जंगलातलं होतं. लेकीले सासरी धाडतो तं वेशीवरी जातोच ना. त्याच्यासाठी मत कायले द्याचं?”

माझा निष्कर्ष असा: निवडणुकीत धर्म मन वळवायला कमी आणि वर्गवारी करायला जास्त वापरला जातो. कोणाकडे जायचं, कोणाला सोडून द्यायचं, कोणत्या वस्तीत सभा लावायची, कोणाला न विचारताच हिरवं करायचं. मला हिरवं केलं तसं. यात धोका कमी आहे असं मी म्हणत नाही. उलट ज्याचं आडनाव पाहून त्याला लाल केलं जातं, त्याच्या दारी पाच वर्षं कोणीच जात नाही. वळवायला निदान बोलावं लागतं. वर्गवारीला तेही लागत नाही.

गप्प राहणाऱ्यांचं अधिवेशन

गडचिरोलीत गप्प राहण्याला आणखी एक कारण होतं. एका बाजूने बहिष्काराची पत्रकं, दुसऱ्या बाजूने बंदुका घेऊन सुरक्षा दल, हेलिकॉप्टरने येणारं मतदान पथक आणि दुपारी तीनला बंद होणारी केंद्रं. अशा जागी ‘मी अमक्याला मत देणार’ हे मोठ्याने सांगणं शहाणपणाचं नसतं. २०१४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूरमध्ये २४ हजारांहून जास्त लोकांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. बहिष्कारही नाही आणि होकारही नाही, असं सांगायला जंगलातून चालत जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. त्यांना अनिश्चित म्हणणं म्हणजे अपमान आहे.

अमित मसुरकरचा ‘न्यूटन’ (२०१७) हा सिनेमा शेजारच्या छत्तीसगडच्या जंगलात घडतो. ७६ मतदारांचं केंद्र, प्रामाणिक अधिकारी, थकलेला सुरक्षा अधिकारी. मला तो आवडतो, पण त्याच्यावर माझी एक जुनी तक्रार आहे. त्यात मतदार हे न्यूटनच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायला आणलेले आहेत. निवडणुकीबद्दल त्यांचं आपसात काय बोलणं झालं असेल, हा प्रश्न सिनेमाला पडत नाही. अंजली पाटीलच्या मलकोला सगळं कळतं, पण तीही मुख्यतः न्यूटनलाच समजावत राहते. शहाणा दिग्दर्शकही जंगलातल्या मतदाराकडे पाहतो तेव्हा त्याला पिवळा रंगच दिसतो.

प्रत्यक्षात इथे आपसात बोलायची फार जुनी पद्धत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक जण नाही म्हणाला तर पुन्हा बसायचं. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जानेवारीत यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखाण आहे. यात्रेत देवाची पूजा होते आणि खाणीबद्दल, जंगलाच्या हक्काबद्दल बोलणंही होतं. धर्म आणि राजकारण इथे एकत्र येतात, पण मंचावरून खाली नाही. माणसं गोल बसलेली असतात.

आणि २०२४ च्या त्याच लोकसभेला गडचिरोलीत एक गोष्ट घडली जी मला सगळ्या अधिवेशनांपेक्षा मोठी वाटते. चौदाशेहून अधिक ग्रामसभांनी एकत्र येऊन काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा दिला, तोही सशर्त. जंगलाचे हक्क, खाणी, ग्रामसभेचे अधिकार अशा मागण्या पुढे ठेवल्या. पक्ष कोणता हा मुद्दा वेगळा. उद्या त्या दुसऱ्याला देतील. मुद्दा असा की इथे कुंपणावरच्यांनी स्वतःचं अधिवेशन भरवलं आणि उमेदवाराला श्रोता केलं.

अर्थात याचंही कौतुक जपून करायला हवं. सर्वसहमतीत न पटलेला माणूस दबूनही गप्प बसू शकतो. एकत्र पाठिंब्याचा ठराव झाला तरी मतदानाचा पडदा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो तसाच राहायला हवा. पण ‘तुमचं ठरलं का?’ या प्रश्नाऐवजी ‘तुमच्या अटी काय?’ हा प्रश्न विचारायला लावणारी रचना मी इथेच पाहिली.

चौथा रंग

पुण्याला परतल्यावर मी ग्रुपवर एक सूचना टाकली. पिवळ्याचे दोन भाग करू: ‘माहीत नाही’ आणि ‘सांगत नाही’. दुसऱ्यापुढे एक रिकामी चौकट ठेवू, त्यांना काय हवंय ते कार्यकर्त्याने लिहावं. मोठी आईच्या चौकटीत काय आलं असतं ते मला माहीत होतं. धानाचा बोनस, आणि मोहफुलं वेचायला जंगलात गेलं की वाघाची भीती.

उत्तर आलं: “त्याचा उपयोग काय? टाइप करायला वेळ कोणाला आहे?”

ते चूक नव्हते. अ‍ॅप पिवळ्यांना ऐकण्यासाठी बनवलंच नव्हतं, मोजण्यासाठी बनवलं होतं. मी पुढच्या महिन्यात ते काम सोडलं. पैसे मात्र घेतले, हेही सांगायला हवं. आणि विधानसभेला ते अ‍ॅप माझ्याशिवाय व्यवस्थित चाललं.

नोव्हेंबरमध्ये मी मतदानाला गेलो नाही, रिलीज होती. फोनवर मोठी आईला विचारलं, मत दिलं का.

“देलं ना.”

“कोणाला?”

“तू आला नाहीस, तुले कायले सांगू?”